भुताला चेहरा कुणाचा

विशाखाला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती नवरा हसला त्या दिवशी.

आनंदराज ताटावर बसून मोबाइलवर काहीतरी वाचत होता. वाचता वाचता त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसू थांबेना. डाव्या हातानं त्यानं मोबाइल तिच्यापुढं सरकवला.

"हे वाच. लई भारी हाय. कोण काढून राहिलंय कुणास ठाऊक, पण आमच्या स्टाफरूममंदी बसून काढल्यासारखं वाटतंय."

पडद्यावर तिनंच काढलेलं चित्र होतं.

गोष्ट भुताची होती. नाव 'सरकार जागे आहेत'. एका गावातले सरकार मरून बारा वर्षं झालीत, पण ते मेले हे त्यांना सांगायची कुणाची छाती नाही. रोज सकाळी गाव रांगेनं गढीवर जातं, खुर्चीपुढं वाकतं आणि म्हणतं, सरकार जागे आहेत. खुर्चीत बसलेल्याच्या तोंडावर पांढरा टॉवेल. त्याखाली काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. वास सुटलेला असतो. ज्याचा हात नाकाकडं जातो, तो दुसऱ्या दिवशी रांगेत नसतो. एका अंकात गावात नवा डॉक्टर येतो, सरकारांची नाडी बघतो, घाम पुसतो आणि चिठ्ठीवर लिहितो : प्रकृती ठणठणीत, माश्या वारायला एक माणूस वाढवावा. त्या एका जागेसाठी दोनशे पदवीधर अर्ज करतात.

आनंदराज हसला तो त्याच पानावर.

चित्रं विशाखाची आणि शब्द कहकशांचे. दोघी नांदेडला एम.ए.ला एका बाकावर बसत. पुढं कहकशां लग्न होऊन लातूरला गेली. तिथं क्लासेसच्या गल्लीत ती आणि तिचा नवरा जीशान झेरॉक्सचं आणि टायपिंगचं दुकान चालवतात. विशाखा दुपारी लेक झोपली की चित्रं काढी आणि फोटो पाठवी. कहकशां त्यात अक्षरं घाली, सोळा पानांची पुस्तिका करी. होस्टेलची पोरं ती नोट्सच्या गठ्ठ्यात खुपसून नेत, आणि मोबाइलवर तर ती कुठं कुठं पोचली होती याचा दोघींनाही पत्ता नव्हता. नाव कुणाचंच नसे. घरातही विशाखानं सांगितलं नव्हतं. आनंदराजच्या पोटात काही राहत नाही हे ती जाणून होती.

सुरुवात कशी झाली तेही सांगायला हवं. आनंदराज बिलोलीच्या अलीकडं एका शाळेत शिकवतो, नांदेडहून रोज अपडाऊन करतो. त्या संस्थेत अध्यक्षांना कुणी अध्यक्ष म्हणत नाही, मालक म्हणतात. मालक निवडणुकीला उभे राहत नसत, उभे करत असत. आनंदराजच्या कायम नोकरीच्या मान्यतेचा प्रस्ताव सात वर्षं त्यांच्या कपाटात होता, आणि तोवर गुरुजींनी मालक सांगतील ते करायचं अशी रीत होती. लेक उत्पला दीड वर्षांची असताना तापानं फणफणली, तेव्हा विशाखा तिला एकटीच रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. आनंदराजला सुट्टी मिळाली नव्हती. मालकांच्या पुतण्याच्या लग्नात सगळे शिक्षक एका रंगाचे शर्ट घालून पंगती वाढत होते. सलाईन चालू असताना केसपेपरच्या पाठीमागं तिनं पहिल्यांदा ते टॉवेल झाकलेलं तोंड काढलं. का काढलं तिला सांगता आलं नसतं. हाताला काहीतरी काम पाहिजे होतं.

आता नवऱ्याच्या मोबाइलवर पाचवा अंक बघताना तिची नजर खुर्चीच्या हातावर गेली, आणि तोंडातला घास तसाच राहिला.

खुर्चीच्या डाव्या हाताला चामडी पट्ट्याचं मनगटी घड्याळ बांधलेलं होतं.

टॉवेल प्रत्येक साहेबाच्या खुर्चीवर असतो. पण घड्याळ जगात एकाच खुर्चीला बांधलेलं होतं. मालकांच्या वाढदिवसाला कर्मचाऱ्यांच्या बायकांनी आतल्या खोलीत जाऊन औक्षण करायचं असे. विशाखाच्या घरात कुणी कधी कुणाला ओवाळलेलं नाही. सासूबाई, महामायाबाई, तेव्हा म्हणाल्या होत्या, बाबासायबानं बावीस प्रतिज्ञा काय ताट फिरवायला दिल्या का? पण मान्यतेचा कागद अडकलेला, म्हणून विशाखा ताट घेऊन गेली. आत मालकांच्या वारलेल्या वडिलांची खुर्ची होती, तिच्या हाताला त्यांचं घड्याळ बांधलेलं, आणि ते चालू होतं. रोज चावी देतात म्हणे. बायका आधी खुर्चीला ओवाळत, मग मालकांना. मालक सोडून पुरुषांना त्या खोलीत प्रवेश नव्हता. आनंदराजनं ते घड्याळ कधी बघितलंच नव्हतं, म्हणून तो मोकळा हसत होता.

सगळं नीट बघायची विशाखाला सवय. भाजीवाल्याचा तराजू, रिक्षावाल्याचे डोळे, गल्लीत नवीन उभी राहिलेली मोटारसायकल, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. त्या नजरेनंच घात केला. डोळ्यांनी पाहिलेलं हातानं आपसूक उतरवलं, आणि कागदावरचं खरं दुसऱ्याला खरं दिसेल हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ती खोली पाहिलेल्या बायका होत्या चौतीस.

तिनं कहकशांला फोन केला. कहकशां आधी हसली. भुताला टाइम बघावा लागत न्हाई का, म्हणाली. मग खोलीचं सगळं ऐकल्यावर तिचं हसू थांबलं. अंक मागं घेता येण्यासारखा नव्हता. सुटून तीन दिवस झाले होते.

चौथ्या दिवशी स्टाफच्या ग्रुपवर सूचना आली. संस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त चित्रकला स्पर्धा. कर्मचाऱ्यांच्या पत्नी व मुलांसाठी. विषय : भूत. उपस्थिती अनिवार्य.

आनंदराजनं ती दोनदा वाचली. मालकांनी वाचलंय वाटतं, म्हणाला. या वेळी तो हसला नाही. मग विशाखानं त्याला सांगून टाकलं. आधी घड्याळाचं सांगितलं, मग बाकीचं. तो तिच्या हातांकडं बघत राहिला, जणू ते हात त्याच्या ओळखीचे नव्हते. एवढंच म्हणाला, "पोरीला नको नेऊ."

अर्ध्या तासानं हेडक्लार्क बालाजीचा फोन आला. वहिनींना सांगा, मुलांसकट. मालकांनी मुद्दाम सांगितलंय.

शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या होत्या. बालाजीनं प्रत्येकीला कागद दिला आणि कोपऱ्यात तिचं नाव स्वतःच लिहिलं. बायका आधी दबकत बसल्या, मग कुणीतरी म्हणालं की मी आमच्या घरातलंच काढते, त्याला समोर बसवायची बी गरज न्हाई, आणि रांगेतून खुसुखुसू हसू फिरलं. विशाखानं भोपळ्याएवढं डोकं काढलं, उलटे पाय काढले, मुद्दाम हात वेडावाकडा चालवला. चांगलं काढता येणाऱ्याला वाईट काढणं किती अवघड असतं हे तिला त्या दिवशी कळलं. रेघ आपोआप सरळ होऊ बघायची.

मालक आले तेव्हा पंख्यांचा आवाज तेवढा उरला. बुटका माणूस, आवाज मऊ. रांगेतून फिरताना प्रत्येकीपाशी थांबत, छान, छान म्हणत. ते कागदांकडं बघत नव्हते. ते हातांकडं बघत होते.

विशाखापाशी ते थांबले आणि पुढं सरकले. तिचा श्वास सुटायच्या आत परत मागं आले आणि शेजारी पालथ्या पडलेल्या उत्पलापुढं उकिडवे बसले.

"हे कोण गं माय?"

"सरकार," उत्पला म्हणाली. मान वर न करता ती रंग भरत होती.

"आन त्याला तोंड का न्हाई?"

"झाकलंय."

"आन हे?"

"घड्याळ. आई असंच काढती. मी झोपले की."

चार वर्षांची पोर डोळे मिटून पडलेली असते म्हणजे झोपलेली असते, असं विशाखानं धरलं होतं. सगळ्या जगावर पाळत ठेवणाऱ्या बाईला आपली लेक आपल्यावरच गेलीय हे दिसलं नव्हतं.

मालकांनी उत्पलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठले. पहिलं बक्षीस हिला, म्हणाले. आसपासच्या बायका आपापल्या कागदावर वाकल्या. कुणी विशाखाकडं बघितलं नाही, आणि त्यावरूनच तिला कळलं की सगळ्यांना कळलं आहे.

बक्षीस न्यायला तिला मंगळवारी बोलावलं, पोरीसकट. आनंदराजला बाहेर बाकावर बसवलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं. मालक सतरंजीवर मांडी घालून बसले होते. उत्पलाला त्यांनी रंगांची पेटी दिली, वर चॉकलेट दिलं.

"ताई, मी पाची अंक वाचले," ते म्हणाले. "हसलो बी. डॉक्टरवाला तर चारदा वाचला."

विशाखा माफी मागायची तयारी करून आली होती, पण माफी मागायला समोरच्यानं रागवावं तर लागतं.

"मी पेपरात छापून आणलं तर लोक त्यात भजी बांधतात. तुमचं मातर खरं मानतात. का, तर तुमचं नाव न्हाई त्याच्यावर. कुणी विकत घेतलेलं न्हाई, असं वाटतं त्यायला." त्यांनी पाकिटातून फोटो काढून सतरंजीवर ठेवला. "तुमच्या भुताला तोंड न्हाई. ते मी देतो."

फोटो शाळेच्या सहलीतला होता. मध्ये संगमेश्वर सर, विज्ञानाचे, आणि भोवती आठवी-नववीच्या मुली. विशाखा त्यांना चांगलं ओळखत होती. आनंदराजबरोबर ते एकाच गाडीनं येत-जात आणि उत्पलासाठी खिशात भाजलेल्या शेंगा ठेवत. उत्पला त्यांना शेंगावाले सरच म्हणे. पटावर अडीचशे मुलं आणि वर्गात नव्वद, असं शिक्षण खात्याला लेखी कळवणारा संस्थेतला तो एकटा माणूस होता. महिनाअखेर चौकशी लागली होती आणि ते साक्ष देणार होते.

मालकांनी समजावून सांगितलं, एखादा मास्तर गणित समजावतो तसं. सहावा अंक. त्यात टॉवेल काढायचा. खालून हे तोंड निघालं पाहिजे. प्रयोगशाळेत पोरींना एकेकटीला बोलावणारं भूत. नाव कुठं लिहायचं नाही, लोक आपोआप ओळखतात. आठ दिवस. आनंदराजचा मान्यतेचा कागद त्यांनी तिच्यापुढं धरला. सही झालेली होती, तारखेची जागा तेवढी कोरी होती.

"आन न्हाई काढलं तर?" तिनं विचारलं.

मालकांनी उत्पलाकडं वळून, कोणत्या बालवाडीत जातीस गं, असं विचारलं. पोरीच्या तोंडात चॉकलेट होतं. दारात उभ्या असलेल्या बालाजीनंच बालवाडीचं नाव सांगितलं. ती किती वाजता सुटते तेही सांगितलं.

घरी आल्यावर आनंदराज स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "थोडं वेगळं काढ. अर्धं मिळतंजुळतं. वळखलं तर वळखलं, न्हाई तर न्हाई." मग स्वतःचंच बोलणं ऐकल्यासारखा तोंड फिरवून बाहेर गेला. परतीच्या गाडीत विशाखा स्वतःही तोच हिशेब करत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ते काढलं. काढून तर बघू, एवढंच मनाशी म्हणत काढलं. पेन्सिल अशी धावली की तिलाच धसका बसला. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, कपाळावरची विभूतीची पुसट रेघ, किंचित पुढं आलेले दात. माणूस होता तसाच, फक्त टॉवेलाखालून निघालेला, आणि तेवढ्यानंच हसरं तोंड भयंकर झालं होतं. एकही खोटी रेघ नव्हती.

पाठीमागून उत्पलाचा आवाज आला. "शेंगावाले सर भूत हायेत?"

विशाखानं कागद उलटा केला. नाही गं, म्हणाली, ते आपलं खोटं खोटं. उत्पलानं मान हलवली. तिला पटल्यासारखं दिसलं.

संध्याकाळी संगमेश्वर सर आनंदराजबरोबरच दारापर्यंत आले. नेहमीसारखी मूठ पुढं केली. उत्पला विशाखाच्या पायाला चिकटली आणि तिनं तिच्या ओढणीत तोंड लपवलं. सर हसले. "का गं, रुसलीस?" असं म्हणत एक पाऊल पुढं आले, तशी पोर रडायला लागली. नुसतं रडणं नव्हतं ते, अंग आखडून रडणं होतं. सर तिथंच थांबले. शेंगा ओट्यावर ठेवल्या, ताप वगैरे आहे का बघा, म्हणाले, आणि गेले.

विशाखा पोरीला थोपटत उभी राहिली. तो अंक अजून कुठंही गेला नव्हता. एकाच वाचकानं एकच चित्र एकदाच बघितलं होतं. दोन वर्षांच्या शेंगा त्या चित्रापुढं टिकल्या नाहीत. आणि सरांच्या स्वतःच्या दोन मुली त्याच शाळेत होत्या.

तिनं गॅस पेटवून तो कागद त्यावर धरला. मग लातूरला फोन लावला.

सहावा अंक चार दिवसांत झाला. आठच पानं. गढी नाही, गाव नाही. आतली खोली, ताटं घेतलेल्या बायका, भुताची चित्रं काढायला बसवलेली पोरंसोरं, मऊ आवाजाचा बुटका माणूस, आणि त्यानं काय मागितलं ते त्याच्याच शब्दांत. ताटवाल्या रांगेत तिनं स्वतःला काढलं, ओळखू येईल असं. सतरंजीवरच्या फोटोची चौकट तिनं कोरी ठेवली. मग उत्पलाला सासूबाईंकडं सोपवून ती अंक घेऊन संगमेश्वर सरांच्या घरी गेली आणि सगळं सांगितलं. चित्र काढून जाळलं, तेही सांगितलं. ते त्या कोऱ्या चौकटीकडं बघत होते. मग आतून त्यांच्या मुलीनं पाणी आणलं, तेव्हा त्यांनी ते पान पटकन उलटलं. असू द्या ताई, एवढंच म्हणाले.

शेवटच्या पानावर कहकशांशी वाद झाला.

"नाव नक्को टाकू, विशू," ती म्हणाली. "नाव नव्हतं म्हणून तर आजपर्यंत वाचलो आपन."

"नाव नव्हतं म्हणून तर त्याला ते वापरता येतं. मी नाही काढलं तर उद्या तो दुसऱ्या कुणाकडून काढून घेईल. लोकांना वाटेल तोच हात आहे."

"मग दोघींचं टाकते."

"तुझं नको. तुझं नाव वाचलं की ते गोष्ट वाचणारच नाहीत, नावच वाचतील. दुकानाची काच फोडतील आणि म्हणतील, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?"

कहकशांनं पलीकडं झेरॉक्स मशीन बंद केलं. शेवटी म्हणाली, ठीक है, लेकिन अक्षर मोठं घेते, बारीक टाकलं तर घाबरून टाकल्यासारखं दिसतं. आणि तिनं लिहिलं : चित्रं व गोष्ट, विशाखा आनंदराज, नांदेड. यापुढं ज्या अंकावर हे नाव नसेल, तो माझा नाही.

आनंदराजनं अंक वाचला. या वेळी मोबाइलवर नाही, तिच्यासमोर बसून, एकेक कागद बाजूला ठेवत. रांगेतल्या विशाखापाशी तो थांबला. मग उठून दुसऱ्या दिवशीच्या शर्टाला इस्त्री करायला घेतली. मस्टरवर सही करतो, म्हणाला, हाकलेस्तोवर जातो. त्याच्या हाताखाली शर्टाची एकच बाही पुन्हा पुन्हा इस्त्री होत होती.

बुधवारी सकाळी नऊला अंक सुटला. साडेअकराला आनंदराजचा फोन आला. मस्टर कपाटात कुलूपबंद होतं, सही करता आली नव्हती. स्टाफरूममध्ये त्याच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. संगमेश्वर सर तेवढे येऊन बसले. आणि व्हरांड्यात बालाजीनं भलतीकडं बघत त्याला विचारलं होतं, कागदावर छापलेला हाय का एखादा? आमच्या घरच्यांना पाहिजे.

"आन मालक?" तिनं विचारलं.

"सकाळीच नांदेडला गेलेत म्हणे."

फोन ठेवून ती खिडकीपाशी गेली. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती. काचा काळ्या, इंजिन चालू, आतून कुणी उतरत नव्हतं. भाजीवाल्यानं आपला गाडा तिच्यापासून लांब नेला होता.

बालवाडी सुटायला पाऊण तास होता. सासूबाई म्हणाल्या, मी येते संगं. विशाखानं त्यांना घरात बसायला सांगितलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. मी एक वाजेपर्यंत आले नाही तर आधी संगमेश्वर सरांना लावा, म्हणाली, मग ह्यांना. चप्पल घातली आणि लवकरच निघाली. गाडीला खेटूनच वाट होती. जाताना तिनं नंबर बघितला, मनात दोनदा म्हटला.

येताना तिनं उत्पलाला भिंतीच्या बाजूला घेतलं आणि स्वतः रस्त्याच्या बाजूनं चालू लागली. गाडी आता गल्लीच्या तोंडाशी नव्हती. ती त्यांच्या मागं होती, त्यांच्याच चालीनं येत होती. उत्पला आज बालवाडीत काय झालं ते सांगत होती, बाईंनी कुणाला रागावलं, कुणाचा डबा सांडला, सगळं मोठमोठ्यानं, नावानिशी. हळू बोल, असं म्हणायला विशाखाचे ओठ उघडले होते. तिनं ते मिटले, पोरीचा हात घट्ट धरला आणि तिला विचारलं, मग पुढं काय झालं?

उत्पला सांगत राहिली.